जावयाने साफ केलेला कॉम्प्युटर

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने माझ्या कॉम्प्युटरला हात लावला तेव्हा मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठीच धोंडे तळत होते. माझ्या हातात झारा होता. तो झारा घेऊन मी बाहेरच्या खोलीत जाऊन उभी का राहिले नाही, याचा राग मला अजून येतो.

धोंड्याचा महिना यंदा भर उन्हाळ्यात आला होता. तीन वर्षांनी एकदा येणारा हा जास्तीचा महिना म्हणजे जावयांची चैन. त्यांना सन्मानाने बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, अनारसे द्यायचे, कपडे करायचे, आणि जावई म्हणेल त्याला मान डोलवायची. यातली शेवटची गोष्ट कुठल्याही पोथीत सांगितलेली नसावी, पण आमच्या घरात तीच सगळ्यात कडक पाळतात. भाऊजी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मूळचे खामगावकडचे. त्यांची आई आमच्याहून पक्कं वऱ्हाडी बोलते, पण भाऊजींनी आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की ते एकदम पुणेरी होतात. "तुमच्याकडे अजून मले-तुलेच चालतं वाटतं?" हे ते दर खेपेला विचारतात आणि आई दर खेपेला हसते. मला कधी हसू आलं नाही.

धामणगाव बढ्याच्या बाहेर, मोताळ्याच्या रस्त्याला आमची नर्सरी आहे आणि तिला लागूनच घर. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये तयार करून आम्ही शेतकऱ्यांना विकतो. मे महिन्यात शेडनेटच्या सावलीतसुद्धा असा उकाडा कोंडतो की नुकतं उगवलेलं रोप दुपारच्या एका तासात मान टाकतं. त्याच्यावर सारखं धुक्यासारखं पाणी मारावं लागतं. वर टांगलेले फॉगर ते मारतात, पण त्यांची मोटार कुणीतरी थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद करावी लागते. ते काम वर्षानुवर्षं बाबा करायचे. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळायचा, उन्हात जायचं, बटण दाबायचं, थांबायचं, बंद करायचं, परत यायचं, की पुन्हा जायची वेळ झालेली.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं आणि घरी आले. गावाने विचारलं, आता काय. बाबांनी सांगितलं, बँकेच्या परीक्षा देईल. मी मात्र मोताळ्याच्या एका बंद पडलेल्या नेट कॅफेतून जुना कॉम्प्युटर आणला, शेडनेटमध्ये उष्णता मोजणारा सेन्सर टांगला, मोटारीच्या स्टार्टरपर्यंत तार ओढली आणि मध्ये कॉम्प्युटरच्या हुकमाने करंट जोडणारा-तोडणारा एक स्वस्तातला रिले बोर्ड बसवला. शेडनेट तापलं की माझा प्रोग्राम मोटार सुरू करायचा, गार झालं की बंद. किती तापलंय ते मोबाईलवर दिसायचं. पहिल्या दिवशी मोटार आपोआप सुरू झाली तेव्हा बाबा खाटेवरून उठून शेडनेटपर्यंत बघायला गेले होते. मग दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी ओसरीवर बसूनच त्यांनी कान दिला आणि आवाज आल्यावर म्हणाले, "झाली वं सुरू." माझं त्यांनी केलेलं एवढंच कौतुक. ते मला पुरलं होतं.

त्याहून मोठी गोष्ट अशी की वडनेर भोलजीच्या एका नर्सरीवाल्याला ते आवडलं होतं. बाबांनीच त्याला बोलावून दाखवलं होतं. हा उन्हाळा सुखरूप निघाला तर पावसाळ्यानंतर त्याच्याकडेही बसवायचं, त्याच्या ओळखीने आणखी दोघातिघांकडे. बाबा म्हणाले होते, "हे जमलं तर बँकेचं राहू दे." मी त्या एका वाक्यावर तो उन्हाळा काढत होते.

आता माझे प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलेले होते त्या पायथनच्या त्या कॉम्प्युटरमध्ये तीन आवृत्त्या होत्या, हे खरं. रिले बोर्डाबरोबर आलेली लायब्ररी, म्हणजे तो चालवणारा तयार कोड, इतकी जुनी होती की ती फक्त जुन्या पायथनवर चालायची, त्यातही बत्तीस बिटच्याच. मोबाईलवर आकडा दाखवणारं पान दुसऱ्या आवृत्तीवर लिहिलेलं होतं. आणि सगळ्यात नवीन मी शिकण्यासाठी टाकलं होतं. तिघांचे फोल्डर वेगळे, तिघांची कामं वेगळी, एकाचा दुसऱ्याला त्रास नव्हता. एकत्र राहणारी कितीतरी माणसं इतक्या समजुतीने राहत नाहीत.

जेवणं झाली होती, दुसरा घाणा भाऊजींसोबत बांधून द्यायचा म्हणून मी तळत होते. बाहेरून भाऊजींचा आवाज आला, "अरे बापरे, हे काय साठवून ठेवलंय!"

मी दारापर्यंत धावत गेले. ते माझ्या खुर्चीवर बसलेले.

"भाऊजी, त्याले हात नका लावू. त्याच्यावर फॉगर चालतात."

"अगं, तीन-तीन पायथन कशाला लागतात? कचरा आहे हा सगळा. नवीन एक ठेवायचं, जुनं काढून टाकायचं."

"तिन्ही लागतात."

ते हसले. लहान मुलाने सांगितलं की चंद्र आपल्यामागे येतो, तर मोठी माणसं हसतात तसे. तेवढ्यात मागून आईने माझा दंड धरला. "जवाईबापूशी असं बोलतेत का वं? चाल आत, धोंडे करपून राह्यले." बाबा ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. मधलं दार सताड उघडं होतं. त्यांनी मान वर करून खोलीत बघितलं, मग खाली घालून पुन्हा अडकित्ता चालवायला लागले. हे मला नीट आठवतं, कारण त्याचा अर्थ मला पुढे लागायचा होता.

संध्याकाळी भाऊजी निघाले. ताई उन्हाळाभर माहेरी राहणार होती. ते गाडीत बसत असताना मी त्यांना विचारलं, "जुनं काही काढलं नाही ना?"

"नाही गं," ते म्हणाले, "नुसता झाडू मारला. आता बघ कसा पळतो."

ऊन उतरलेलं होतं, त्यामुळे मोटार सुरू व्हायचा प्रश्न नव्हता. शिवाय थोड्याच वेळात लाईट गेली ती उजाडेपर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आई, ताई आणि मी लोणारला निघालो. अधिक महिन्यात तिथल्या धारेखाली अंघोळ करायची आईची केव्हाची इच्छा होती. तिथे मोबाईलवर माझं पान उघडेना. मला वाटलं रेंज नाही. बाबा घरी होते, पण मोटारीच्या आवाजाची सवय झाल्यापासून तिकडे कान देणं त्यांनी सोडलं होतं. दुपारी ते वरच्या वावरात गेले ते उशिरा परतले.

आम्ही दिवेलागणीला घरी पोचलो तेव्हा बाबा शेडनेटच्या दाराशी उभे होते. मधल्या रांगांमधल्या मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या होत्या. काही सकाळपर्यंत सावरली, बरीच गेली. रोपं न्यायला आलेल्या एका शेतकऱ्याला बाबा माझ्यादेखत म्हणाले, "पोरीच्या कॉम्प्युटरनं मारली."

लाईट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा, तसा तो झालेलाच होता; मी स्क्रीन बघितली. दोन्ही जुन्या आवृत्त्या गायब. माझ्या प्रोग्रामच्या खिडकीत एकच ओळ होती: या ठिकाणी पायथन नाही. नुसता झाडू मारला होता ना!

मी बाबांना सांगितलं, भाऊजींनी काढलं. बाबांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आई, ताई, मी, सगळ्या भोवती. भाऊजी तिकडून म्हणाले, "छे हो मामा, मी फक्त व्हायरस वगैरे बघितला. खरं सांगू का, तिचा प्रोग्रामच कच्चा आहे. हा कधी ना कधी बंद पडणारच होता. नशीब समजा, थोडक्यात निभावलं." ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत होती. बाबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "ऐकलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टार्टरमधून माझी तार काढली. "आपला हातच बरा," म्हणाले. मग वडनेरला फोन केला. मी दाराआड उभी होते. "राह्यू द्या तुमी, पोरीचं काम कच्चं हाये," एवढंच बोलले आणि पावसापाण्याचं बोलायला लागले. त्या रात्री मी जेवले नाही. आई म्हणाली, एवढं काय मनाला लावून घेतेस. 

आता कॉम्प्युटर दुरुस्त करायचा होता. बाबांनी तार काढली असली तरी करायचाच होता, कारण काम कच्चं नव्हतं हे निदान मला तरी बघायचं होतं. मी जुनं पायथन पुन्हा टाकलं. रिले बोर्डाची लायब्ररी म्हणाली, मी याच्यावर चालत नाही. बघते तर घाईत चौसष्ट बिटचं टाकलं होतं. ते काढून बत्तीसचं टाकलं. मग प्रोग्राम म्हणाला, मला लागणारं सामान सापडत नाही. सामान इन्स्टॉल करायला गेले तर कॉम्प्युटर म्हणतो, ते आधीच आहे. आहे म्हणणाराही तोच आणि नाही म्हणणाराही तोच. बराच वेळ डोकं आपटल्यावर कळलं की मी जो हुकूम देत होते तो नव्या पायथनच्या कानात जात होता, कारण भाऊजींनी त्याला रांगेत सगळ्यांच्या पुढे आणून बसवलं होतं. सामान त्याच्या घरात पडत होतं आणि माझा प्रोग्राम जुन्याच्या घरात शोधत होता. प्रत्येक एररला मी मनातल्या मनात भाऊजींचं नाव घेत होते. आईला वाटायचं पोरगी जप करते आहे, अधिक महिनाच होता.

शेवटी सुचलं ते फार सोपं होतं. माझ्या प्रोग्रामचं स्वतःचं फोल्डर त्यांनी काढलेलं नव्हतं, त्यात सगळं सामान जसंच्या तसं होतं. त्याला फक्त त्याचं मूळ पायथन जुन्याच पत्त्यावर हवं होतं. मी नवीन टाकताना त्याला दुसऱ्या फोल्डरमध्ये बसवत होते. तीच आवृत्ती, तेच बत्तीस बिट, अगदी तोच पत्ता, असं टाकलं आणि प्रोग्राम झोपेतून उठावा तसा उठला. दुसरी आवृत्तीही तशीच तिच्या जुन्या पत्त्यावर टाकली आणि मोबाईलवर आकडा दिसायला लागला. मी धावत ओसरीवर गेले.

"बाबा, चालू झालं. तार जोडू?"

"राह्यू दे."

"आता नाही बंद पडत. काय झालं होतं ते सापडलं मले."

"राह्यू दे म्हटलं ना. जवाई म्हणून राह्यले कच्चं हाये, तर असन." आणि दुपट्टा गुंडाळून ते उन्हात गेले.

त्या दिवशी माझ्या मनात पक्कं झालं. भाऊजींना हे सगळं मी एकदा करायला लावणार. घाम फुटेपर्यंत. आणि ज्या तोंडाने ते स्पीकरवर बोलले त्याच तोंडाने बाबांपुढे खरं बोलायला लावणार. मला नुकसानभरपाई नको होती, माफी नको होती. बाबांनी ते ऐकावं, एवढंच हवं होतं. आमच्याकडे मेव्हणीने जावयाची खोड काढलेली चालते. चपला लपवाव्या, चहात मीठ घालावं, सगळे हसतात आणि जावयालाही हसावं लागतं. मी आईला आधीच सांगून ठेवलं, यंदा भाऊजींची गंमत करणार आहे. ती म्हणाली, "कर, पण जास्त नोको." मी हो म्हटलं.

भाऊजी ताईला न्यायला आले ते महिना संपायच्या आत. आमरसाचा बेत होता. येतानाच त्यांनी सांगितलं की नोकरीशिवाय ते बाहेरचं एक खाजगी काम करतात, आणि त्या माणसाला दुपारी लॅपटॉपवरून सगळं चालवून दाखवायचं आहे. जेवायला बसताना लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाले, "जरा तुमचं वाय-फाय जोडून दे गं. तेवढं येतं ना?"

"येतं," मी म्हटलं.

वाय-फाय जोडलं. मग सहज बघितलं. भाऊजींच्या लॅपटॉपमध्ये पायथनच्या किती आवृत्त्या असाव्यात? तीन! मला इतका आनंद झाला की मी क्षणभर हात मांडीवर ठेवून नुसती बसले. त्यांचं बाहेरचं काम सगळ्यात जुन्या आवृत्तीवर होतं. मी त्यांच्यापेक्षा भली, म्हणून बाकीच्या दोन ठेवल्या आणि तेवढी एकच काढली. पलीकडे भाऊजी आईला सांगत होते की रसात साजूक तूप पुण्यात कुणी इतकं घालत नाही. आई अजून घालत होती.

जेवून ते खाटेवर आडवे झाले. मी भांडी घासली. इतकी स्वच्छ मी कधी घासली नव्हती. उठल्यावर त्यांनी चहा घेतला, लॅपटॉप उघडला, हुकूम दिला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा दिला. पुन्हा तेच. बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. ताई तिची बॅग भरत होती.

"काऊन चालून नाही राह्यलं हे?" भाऊजी स्वतःशीच म्हणाले.

पुणं एका एररमध्ये उतरलं. आईने आतून डोकावून बघितलं, तिला वाटलं गावातलं कुणी आलं.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. "तू काही केलंस का याच्यात?"

"नाही हो भाऊजी. नुसता झाडू मारला."

त्यांना समजलं. समजल्याचं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते बघण्यासाठी मी पुन्हा एकदा अख्खा महिना थांबले असते. पण ते ओरडू शकत नव्हते. ओरडले असते तर आधी आपण काय केलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून ते हसले आणि दुरुस्तीला बसले. मी समोर तांदूळ निवडायला घेतले.

मग सगळं माझ्या डोळ्यांपुढे घडलं. आमचं नेट संथ, पायथन डाऊनलोड होईपर्यंत ते पाय हलवत राहिले. घाईत दुसरीच उपआवृत्ती आणली. ती चालेना. मग बरोबर आणली, पण वेगळ्या फोल्डरमध्ये बसवली. मग सामान नाही. मग सामान आहे. "आहे तर मग सापडत का नाही!" ते म्हणाले. मी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. त्यांचा फोन वाजला, त्यांनी इंग्रजीत सांगितलं की नेटचा जरा प्रॉब्लेम आहे, गावाकडे आलोय. त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. मला त्यांची जराही दया आली नाही. माझ्या मिरचीच्या रोपांनी याहून जास्त सोसलं होतं.

पुन्हा फोन वाजला तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, मी करून देते. लगेच होईल. फक्त बाबांना सांगा."

"काय सांगू?"

"तुमाले माहीत आहे."

त्यांनी ताईकडे बघितलं. ताईने माझ्याकडे बघितलं, मग बॅगेची चेन लावली आणि आत निघून गेली. फोन वाजतच होता. भाऊजी उठले, ओसरीच्या दारात गेले. मी तांदळाचं ताट खाली ठेवलं.

"मामा," ते म्हणाले, "ते त्या दिवशी... तिच्या कॉम्प्युटरमधलं मीच काढलं होतं. प्रोग्राम बरोबर होता."

अडकित्त्यातून सुपारीचा एक तुकडा बाबांच्या तळहातावर पडला. त्यांनी तो तोंडात टाकला.

"माहीत हाये मले," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी येथीसाच बसलो होतो ना. ती नोको म्हणून राह्यली होती, तुमी काढून राह्यले होते. समजलं होतं मले तवाच. राह्यू द्या जवाईबापू, तुमी तुमचं काम पाहा."

भाऊजींचा चेहरा मोकळा झाला. माझा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मी शब्दाची पक्की म्हणून त्यांच्या लॅपटॉपशी बसले. तीच आवृत्ती, तोच पत्ता. त्यांचं काम उठून उभं राहिलं, त्यांनी ते त्या माणसाला चालवून दाखवलं, आणि संपल्यावर मोठ्याने हसून आईला म्हणाले, "तुमच्या धाकटीने जबरदस्त गंमत केली हो आमची!" आईही हसली. संध्याकाळी गाडीत बसताना ताईने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "तुझं झालं वं. आता रस्ताभर मले बोलणी बसतीन."  गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभी होते, आणि तिच्यासाठी वाईट वाटत असतानाच मला तिचाही राग येत होता.

मी बाबांकडे गेले. "तुमाले माहीत होतं."

"हाव."

"मंग लोकाईले काऊन सांगितलं, पोरीच्या कॉम्प्युटरनं मारली म्हणून? वडनेरले काऊन सांगितलं कच्चं हाये?"

"मंग काय सांगू? जवायानं मारली म्हणू? पोरगी दिली हाये त्यायच्या घरी. त्याले खोटं पाडलं असतं तर तिकडं तिले कोणं पाह्यलं असतं?"

"आन् मले?"

"तुले काय झालं? तू तं घरातली हायेस."

ते हे इतकं सहज म्हणाले की त्यात त्यांना काही चुकीचं वाटत नव्हतं हे मला दिसलं. इतके दिवस मी भाऊजींवर डाव धरून बसले होते. ते खोटं बोलले, ठीक आहे, तो माणूसच तसा. पण बाबा रोज दुपारी माझ्यासमोरून उन्हात जात होते, मनात पूर्ण जाणून की माझं काही चुकलेलं नाही, आणि रोज मला तसंच राहू देत होते. मी घरातली होते म्हणून माझं नाव वापरता येत होतं. घरातल्या पायपुसण्यासारखं, ज्याला पाहिजे त्याने पाय पुसावे.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता दे जोडून ते तार."

"वडनेरले फोन करा. सांगा, काम पक्कं होतं, बिघडवलं कोणं ते सांगा. लगेच जोडते."

"आता गावोगाव जवायाचं नाव कसं घ्यावं वं?"

"माझं घेतलं तसं."

 मी स्टार्टरजवळ गेले आणि तारेच्या उघड्या टोकाला काळी टेप गुंडाळली, एकावर एक, जाड. ते ओसरीवरून बघत होते.

त्याला आता बरेच दिवस झाले. आई मधे पडून बघते. म्हणते, बापाचं ऊन तुले दिसत नाही का. दिसतं. वडनेरच्या माणसाने दुसऱ्या कुणाकडून तरी तयार टायमर बसवून घेतल्याचं कानावर आलं, ते बाबांनीही ऐकलं. फोन त्यांनी केलेला नाही. टेप मी काढलेली नाही. सेन्सर मात्र अजून शेडनेटमध्येच टांगलेला आहे, प्रोग्राम चालूच आहे, आणि आकडा माझ्या मोबाईलवर येतो.

दुपारी जेवून बाबा ओसरीवर बसतात. मी आत माझ्या खुर्चीवर. बटण कधी दाबायचं हे त्यांना हल्ली नुसत्या अंदाजाने कळत नाही, आणि चुकून एकही ट्रे जाऊ द्यायची त्यांची तयारी नाही. थोड्या थोड्या वेळाने ते आत न बघताच विचारतात, "किती झालं वं?"

मी मोबाईल बघते आणि खरा आकडा सांगते. तो खरा आहे का, असं त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही. ते दुपट्टा गुंडाळतात, चपला पायात सरकवतात आणि उन्हात उतरतात.